अंदाजापासून वाटीपर्यंत

अनारसा तुपात सोडला की काही क्षणांतच निकाल लागतो. पीठ जमलेलं असेल तर तो जाळी धरत फुलतो. नसेल तर तुपातच विरतो, पसरतो, आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘अनारसे हसले!’ दिवाळीच्या फराळात दुसरा कुठलाही पदार्थ इतका उघडपणे नापास होत नाही. लाडू घट्ट झाला तर फोडून खाता येतो, चिवडा मऊ पडला तर पुन्हा परतता येतो. हसलेला अनारसा मात्र स्वतःबरोबर कढईभर तूपही गढूळ करून जातो.

म्हणून अनारशाची कृती परंपरेनं आलेली असली तरी आंधळी नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, चौथ्या दिवशी निथळून सावलीत कापडावर पसरायचे, अंगात थोडी ओल असतानाच कुटायचे, वस्त्रगाळ करायचे, गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळा काही दिवस मुरू द्यायचा. यातल्या प्रत्येक पायरीमागे कुणाचा तरी फसलेला घाणा आहे. भिजताना तांदूळ हलका आंबतो आणि दाणा आतपर्यंत मऊ होतो. पाणी बदललं नाही तर आंबटपणा आणि वास वाढतो. ओल पार उडाली तर गूळ पिठाला धरत नाही, ओल जास्त राहिली किंवा गूळ जास्त पडला तर अनारसा हसतो. घाणा घालण्याआधी एकच अनारसा सोडून बघायचा, हसला तर गोळ्यात थोडी तांदळाची पिठी मळायची, घट्ट वाटला तर पिकल्या केळ्याचा तुकडा किंवा दुधाचा हात लावायचा, हे आजही जाणत्या बायका करतात. पीठ तपासायचं, एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा तपासायचं: प्रयोगशाळेतही याहून वेगळी रीत नसते.

अशा चाचण्या मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या होत आल्या. नोंद मात्र झाली नाही. निष्कर्ष सासूकडून सुनेकडे, आत्याकडून भाचीकडे हातांतून गेला. किती घातलं याचं उत्तर ‘अंदाजानं’ असंच राहिलं. तो अंदाज परक्या माणसालाही वापरता येईल अशा मापात बसवायला छापील मराठी पाकपुस्तकांना जवळपास शंभर वर्षं लागली. त्या शंभर वर्षांचा इतिहास राजकारण आणि साहित्याच्या इतिहासाइतकाच लक्षपूर्वक वाचायला हवा, कारण महाराष्ट्राच्या ताटात आज जे ‘पारंपरिक’ म्हणून येतं, त्यातलं बरंचसं त्या काळात ठरलं.

लिहिलेला स्वयंपाक त्याआधी नव्हताच असं नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या उपभोगांत अन्नाचंही प्रकरण आहे, आणि ते वाचताना दख्खनच्या चुलीचा वास येतो: हिंगाचं पाणी, हळद, डाळी, तळलेली वडी, केवळ उडदाची ‘इडरिका’, मासे, शिकारीचं मांस, शेतातले भाजलेले उंदीरसुद्धा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंधित असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिलं. त्यात पदार्थांइतकेच त्यांचे गुणदोष, आयुर्वेदाची मतं आणि जेवणाचे नियम आहेत. त्याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८ ते १८३२) मुदपाकखान्यातल्या कृती लिहून काढल्या गेल्या. सरस्वती महाल ग्रंथालयानं जपलेल्या त्या हस्तलिखितात देशी पदार्थांच्या शेजारी इंग्रजी पद्धतीचे पदार्थही आहेत.

ही सगळी नोंद दरबारी. राजाच्या रसिकतेची, वैद्याच्या मताची, मुदपाकखान्याच्या वैभवाची. ज्याला स्वयंपाक येतो त्याला आठवण करून देण्यापुरती ती पुरेशी होती. ज्याला येत नाही त्यानं ती हातात घेऊन चूल पेटवावी अशी तिची रचना नव्हती, आणि तशी गरजही कुणाला वाटत नव्हती. पेशवाईच्या कागदांतून कोठीत आलेल्या तूप-तांदळाचे मण आणि शेर सापडतात. ते तूप पोळीत कसं मुरवलं हे हिशेबनीसानं लिहावं तरी कशाला?

परकी स्वयंपाकीण ही कल्पना छापखान्यानं आणली. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ निघालं. छापलेलं पहिलं मराठी पाकपुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. काळ लक्षात घेतला तर त्याचं महत्त्व कळतं. बोरघाटातून रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. सरकारी नोकरी, गिरण्या, शाळा, कचेऱ्या यांच्यामागे माणसं गाव सोडत होती. बिऱ्हाड मुंबईत आणि सासू रत्नागिरीत, अशी घरं पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं तयार होत होती. स्वयंपाक शिकवणारा हात शेजारी नसेल तर त्याची जागा कागदानं घ्यावी, ही सोय त्या पिढीला हवी होती.

१९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलं. लिहिणारी आता बाईच होती, आणि नावातच हजाराचा आकडा होता. पुढची कित्येक वर्षं त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. अशा पुस्तकांची भाषा आश्वासक असते, पदार्थांची यादी थक्क करणारी असते. पण आजच्या वाचकानं त्या काळच्या मापांनिशी एखादी कृती करायला घेतली, तर पहिली अडचण पहिल्याच ओळीत येते: एक शेर म्हणजे किती?

हा प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. धान्य मापण्याचं कोष्टक शाळेत घोकलेले आजोबा अजूनही सांगतात: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हे झालं मापी, म्हणजे भांड्यानं मोजायचं. वजनाचा शेर वेगळा, तो तोळ्यांत. आणि वजनाचा शेरही सगळीकडे एक नव्हता. मुंबईच्या बाजारातला जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आसपास. त्याचे चाळीस भाग केले की शेर येतो सुमारे ३१७ ग्रॅमचा. इंग्रजी अमलात जो ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर प्रमाण मानला गेला, तो सुमारे ९३३ ग्रॅमचा. नाव एकच आणि वजनात जवळपास तिपटीचा फरक! पायलीही तालुक्यागणिक लहानमोठी. कोकणातल्या पुस्तकात वाचलेला शेर वऱ्हाडातल्या कोठीत गेला की त्याचा अर्थ बदलत असे.

तरीही त्या पुस्तकांवरून स्वयंपाक झाला, आणि चांगला झाला. कारण वाचणारीच्या हातात अंदाज आधीपासून होता; छापील शेर तिनं आपल्या घरच्या शेरानं वाचला आणि बाकीचं बोटांनी सावरलं. पुस्तकाची खरी कसोटी लागणार होती ती असा अंदाज हातात नसलेल्या वाचकापाशी.

हा पेच एकट्या मराठीचा नव्हता. इंग्लंडमध्ये एलायझा ॲक्टन या लेखिकेनं १८४५ साली ‘मॉडर्न कुकरी फॉर प्रायव्हेट फॅमिलीज’ छापताना कृतीनंतर जिन्नस, त्यांचं प्रमाण आणि लागणारा वेळ वेगळा काढून दिला. आज प्रत्येक पाककृतीत दिसणारी ती यादी तिथून रुळली. तिनं ते पदार्थ स्वतःच्या घरात करून पाहिले होते. १८९६ मध्ये बोस्टनच्या पाकशाळेच्या मुख्याध्यापिका फॅनी फार्मर यांनी आपल्या पुस्तकात कप आणि चमचा काठोकाठ भरून, वरचा ढीग सुरीनं सपाट करून मोजण्याचा आग्रह धरला. प्रकाशकाला विक्रीचा भरवसा नव्हता. पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च बाईंनाच करावा लागला. पुढे ते पुस्तक लाखांनी खपलं. ‘शीग लावून’ की ‘सपाट’ हा वाद मराठी बाजारात धान्य मापताना रोज होत होता. स्वयंपाकघरात तो फार्मरबाईंनी सोडवला.

भारतात गृहविज्ञान दिल्लीच्या लेडी आयर्विन महाविद्यालयात १९३२ पासून आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० पासून शिकवलं जाऊ लागलं. त्या वर्गांत वजनकाटा आणि तापमापक होता. पण पुण्या-सांगलीच्या घरातल्या फळीवर वजनकाटा नव्हता. होती ती वाटी.

मधल्या काळात देशानं सगळी मापंच बदलली. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्यानं आली, आणि १९६२ पर्यंत बाजारातून शेर, तोळा, छटाक कायद्यानं हद्दपार झाले. एका पिढीची अख्खी मोजणी जुनी झाली. आईच्या वहीत ‘पावशेर’ लिहिलेलं आणि वाणी देतोय ‘अडीचशे ग्रॅम’. दोन्ही जवळजवळ सारखे असल्यामुळे पावशेर बोलण्यात टिकला, पण नवटाक, अदपाव, छटाक या पायऱ्यांवरून नव्या गृहिणीचा पाय घसरू लागला. जुन्या पाकपुस्तकांतली प्रमाणं तिला आकडेमोड केल्याशिवाय वापरता येईनात.

अशा वेळी, १९७० साली, कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ प्रसिद्ध झालं.

कमलाबाईंचा जन्म १९१३ चा, सांगलीजवळच्या कुंडलचा. शालेय शिक्षण चौथीपर्यंत. लग्नानंतर सांगलीच्या मोठ्या घरात सासूबाईंच्या हाताखाली त्या स्वयंपाक शिकल्या. म्हणजे ज्या परंपरेत सगळं अंदाजानं चालतं, तिथेच त्यांचा हात तयार झाला. त्यांनी केलेलं काम म्हणूनच मोठं आहे. आपल्या हाताला ठाऊक असलेलं ज्ञान त्यांनी वाटी आणि चमच्यात मोजलं, आणि हाताला काहीच ठाऊक नसलेल्या मुलीला ते वापरता येईल इतक्या साध्या भाषेत लिहिलं. ज्याला एखादी गोष्ट सहज येते, त्याला ती पायऱ्यांत सांगणं सगळ्यांत अवघड जातं. पोहणाऱ्यानं पाण्यात हात कसा फिरवतो हे लिहून दाखवावं, तसं ते काम. ‘रुचिरा’च्या प्रती लाखाच्या पुढे गेल्या आणि लग्न ठरलेल्या मुलीच्या, नोकरीसाठी परगावी निघालेल्या मुलाच्या सामानात ते पुस्तक जाऊ लागलं.

वाटीच्या मापाला अनेकांनी ढोबळ म्हणून नाकं मुरडली. वाट्या लहानमोठ्या असतात हे खरंच आहे. पण वाटीचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. ‘एक वाटी तांदळाची पिठी, एक वाटी पाणी’ असं उकडीच्या मोदकाचं प्रमाण असतं तेव्हा वाटी दीडशे मिलिलिटरची आहे की दोनशेची, यानं उकड बिघडत नाही. दोन्हीकडे तीच वाटी वापरली म्हणजे झालं. शेर गेला, तोळा गेला, किलो आला, तरी एकास एक हे प्रमाण तिथेच राहतं. चक्क्याला बरोबरीनं साखर, हरभऱ्याच्या डाळीला बरोबरीचा गूळ, शिऱ्याला रव्याच्या बरोबरीनं साखर आणि दुप्पट-अडीचपट पाणी: मराठी स्वयंपाकातला मोठा भाग अशा गुणोत्तरांवर उभा आहे. कायद्यानं वजनं बदलल्यानंतर दहाएक वर्षांत आलेल्या पुस्तकानं नेमकी गुणोत्तराची भाषा धरली, हे त्याच्या यशाचं मोठं कारण म्हटलं पाहिजे. जिथे वाटी अपुरी पडते तिथे, म्हणजे खारट-तिखट आणि खाण्याच्या सोड्यासारख्या जिनसांत, चमचा होता.

मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी परंपरेनं आधीच चाचण्या शोधून ठेवल्या होत्या. त्या छापील कृतींनी जशाच्या तशा उचलल्या, आणि बरं केलं. पाक एकतारी झाला की नाही हे दोन बोटांत धरून बघायचं. गोळीबंद झाला की नाही हे थेंब गार पाण्यात टाकून बघायचं. एकतारी पाक साधारण १०५ अंश सेल्सियसला येतो, गोळी होते ती ११२ ते ११६ च्या दरम्यान, हे तापमापकानं नंतर सांगितलं. बोटांतली तार आणि पाण्यातली गोळी पाकातलं पाणी किती उडालं हेच मोजत होती. तळणीत पिठाचा कण टाकून तो किती वेळात वर येतो हे पाहणं, चकलीच्या मोहनाचं तेल पिठावर ओतल्यावर चुरचुरलं का हे ऐकणं, मोहन घातलेल्या पिठाची मूठ वळून ती टिकते का बघणं, या सगळ्या मोजण्याच्याच पद्धती आहेत. त्यांना ‘अनुभव’ म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे.

सगळ्याच समजुती मात्र कसोटीला उतरल्या नाहीत. पुरणाची गोष्ट घ्यावी. डाळ पूर्ण मऊ शिजून, कट काढून झाल्यावरच गूळ घालायचा, आधी नाही, असा नियम घरोघर पाळला जातो. अमेरिकी लेखक हॅरॉल्ड मॅक्गी यांनी १९८४ साली स्वयंपाकामागच्या विज्ञानावर जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात बोस्टनच्या काकवी घातलेल्या घेवड्याच्या संदर्भात हीच क्रिया उलगडली आहे: साखर, आम्ल आणि कॅल्शियम ही तिन्ही कडधान्याच्या पेशींना घट्ट धरून ठेवतात, आणि काकवीत तिन्ही असतात. गुळातही असतात. म्हणजे गूळ आधी पडला की डाळ अडून बसते, ही पुरणाची समजूत शंभर टक्के खरी. आमटीत चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच घालायचं, हेही खरं. विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, ही तक्रारही खरी. त्या पाण्यातलं कॅल्शियम तेच काम करतं. पण ‘मीठ आधी घातलं तर कडधान्य शिजत नाही’ ही समजूत मात्र टिकली नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कडधान्य उलट लवकर मऊ होतं, कारण सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं. आजीच्या या चार नियमांपैकी तीन बरोबर निघावेत, तेही कुठलंही उपकरण नसताना, ही साधी गोष्ट नाही.

उकडीचंही तसंच. गव्हाच्या कणकेत मळताना चिकाची जाळी बनते, म्हणून ती तिंबायची, झाकून ठेवायची, आणि मग पुरणपोळीसाठी पातळ लाटली तरी फाटत नाही. तांदळात तशी जाळी नाहीच. तांदळाची पिठी गार पाण्यात कितीही मळली तरी मोदकाची पारी चिरते. उकळत्या पाण्यात पिठी घालून, झाकून वाफ दिली की तिच्यातलं पिष्ट फुगून चिकट होतं आणि तेच पारीला धरून ठेवतं. आंबेमोहोरची पिठी का, जुना तांदूळ का नको, उकड गरम असतानाच तेलपाण्याचा हात लावून का मळायची, या सगळ्यांची उत्तरं त्या एका गोष्टीत आहेत. कोकणातल्या बाईनं ती रसायनशास्त्राच्या शब्दांत सांगितली नसतील. पण पारीला कळ्या पाडता आल्या पाहिजेत हा निकष तिनं कधीच सैल होऊ दिला नाही.

जुळलेली कृती कायमची जुळलेली राहत नाही, कारण चूल बदलते. पन्नाशीच्या दशकात मुंबईत बंद टाकीतला गॅस आला. १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टीज या दोन नावांनी प्रेशर कुकर भारतात बनू लागले. पाठोपाठ मिक्सर आला. कुकरमध्ये पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे तासभर शिजणारी हरभऱ्याची डाळ काही शिट्ट्यांत मऊ होऊ लागली. पुण्यात, समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं. महाबळेश्वरला तर साडेपंच्याण्णवच्या आसपास. मुंबईत बेतलेली डाळ शिजण्याची वेळ घाटावर चुकते ती त्यामुळे. कुकरनं हा फरक जवळजवळ पुसला. पण पातेल्यात डाळ शिजताना भरपूर निघणारा कट कुकरात आटला, आणि कटाच्या आमटीची चव पातळ झाली अशी कुरकुर घराघरांत सुरू झाली. पाट्यावर वाटलेलं पुरण, पुरणयंत्रातून काढलेलं पुरण आणि मिक्सरमधून फिरवलेलं पुरण यांचा पोत वेगळाच लागतो. साठच्या आणि सत्तरच्या दशकांतल्या गृहिणींनी जुने पदार्थ नव्या साधनांवर पुन्हा बसवले. किती शिट्ट्या, किती पाणी, कुठल्या डब्यात, हे त्यांनी परत तपासलं. मराठी स्वयंपाकाच्या इतिहासातला चाचण्यांचा हा सर्वांत धामधुमीचा काळ असावा, आणि ते काम करणाऱ्या बहुतेकींचं नाव कुठेच नाही.

छापील कृतीनं दिलं तसं काही काढूनही घेतलं. ‘रुचिरा’, मंगला बर्वे यांचं ‘अन्नपूर्णा’ अशी पुस्तकं घरोघरी पोचली, तशी त्यांच्यातली पद्धत ‘बरोबर’ आणि शेजारच्या गावची पद्धत ‘वेगळी’ ठरू लागली. पुरणपोळीचंच बघावं. पुण्याकडे तव्यावर भाजलेली, हाताएवढी. खानदेशात उपड्या खापरावर भाजलेला, हातांवर पसरत नेलेला मांडा. कुठे गुळाची, कुठे साखरेची, कुठे पिठीवर लाटलेली, कुठे तेलावर. खापराचा मांडा तव्याच्या पोळीची बिघडलेली आवृत्ती नव्हे. तो वेगळ्या चुलीवर, वेगळ्या कौशल्यावर उतरलेला तितकाच काटेकोर पदार्थ आहे. ‘सर्वोत्तम पुरणपोळी कुठली’ असं विचारणाऱ्यानं आधी चूल कुठली ते सांगायला हवं.

या एकसुरीपणाला उत्तर ठरेल अशी नोंद काही समाजांनी त्याआधीच स्वतः करून ठेवली होती. १९४० च्या दशकात मुंबईच्या सारस्वत महिला समाजानं ‘रसचंद्रिका’ काढलं. अंबाबाई संशी यांनी संकलित केलेल्या या पुस्तकात चित्रापूर सारस्वतांच्या घरांतलं नारळ-कोकमाचं जेवण आलं. एका बाईच्या हातापेक्षा एका समाजाचा हात त्यात उतरला. दुर्गाबाई भागवतांनी ‘खमंग’मध्ये खाद्यपदार्थांकडे संशोधकाच्या कुतूहलानं पाहिलं.

सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत आवश्यक नोंद आली ती २०१५ मध्ये. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांची चूल कागदावर आणली. तिथे तूप नाही, तेलही मोजकं, पाव किलो साखरेची चैन नाही. आहे ती मिळेल त्या मांसाच्या प्रत्येक भागाची कृती, वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, रानभाज्या, ज्वारीची भाकरी आणि कालवण. १८७५ पासून छापल्या गेलेल्या शेकडो पानांत या स्वयंपाकाला जागा मिळाली नव्हती. नासू न देता मांस टिकवणं, चरबीवर फोडणी देणं, कमीत कमी जळणात शिजवणं, हे ज्ञानही फसलेल्या आणि जमलेल्या प्रयोगांतूनच आलेलं आहे. उलट तिथे प्रयोग फसण्याची किंमत जास्त होती, कारण दुसरं काही रांधायला नव्हतं. मराठी पाकपुस्तकांचा कुठलाही इतिहास या पुस्तकाशिवाय अपुरा आहे.

आज मापांचा गोंधळ पुन्हा नव्यानं उभा आहे. अमेरिकेतल्या मराठी घरात मोजायचा कप असतो सुमारे २४० मिलिलिटरचा, तर इथली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान. गुणोत्तर पाळलं तर मोदक तिथेही जमतो. पण ‘एक वाटी डाळीला दोन चमचे’ असं वाटी आणि चमचा मिसळून लिहिलेलं प्रमाण समुद्रापार चुकतं. चितळ्यांच्या दुकानातून आणलेला चक्का तिथे नसतो, म्हणून घट्ट दही टांगून किंवा तयार ग्रीक योगर्ट वापरून श्रीखंड बेतलं जातं. गूळ बदलतो, गहू बदलतो, तांदूळ बदलतो. १८७५ च्या वाचकासमोर जो प्रश्न होता तोच, की लिहिणाऱ्याचं माप आणि वाचणाऱ्याचं माप एक आहे का?

घराघरांत अजूनही वह्या आहेत. तेलाचे डाग पडलेल्या, कधी मोडीत, कधी जुन्या शाईत, कधी दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहिलेल्या. त्या लिहिणाऱ्या आज ऐंशीच्या पुढे आहेत. वाचकांना विनंती आहे की ती वही घेऊन त्यांच्याशेजारी बसा आणि चार गोष्टी विचारून समासात टिपून ठेवा: ‘वाटी’ म्हणजे घरातली नेमकी कुठली, आणि त्यात पाणी किती मिलिलिटर मावतं, तांदूळ आणि गहू कुठल्या जातीचा, गूळ कुठून यायचा, आणि पदार्थ जमला हे कशावरून ओळखायचं. वाटी हाताशी असेल तर तिच्यात पाणी भरून मापाच्या भांड्यात ओतायला एक मिनिट लागतं. ते मिनिट याच दिवाळीत काढा.